पोळपाट आणि चौरंगाची कड गोल करताना राउटर डगमगतो, स्थिर कसा ठेवायचा?

रानआंबा

नमस्कार मंडळी. गणपतीसाठी सागवानाचा चौरंग करतोय आणि त्याच्याबरोबर आंब्याच्या लाकडाचा पोळपाटही घेतलाय. चौरंगाची फळी २५ मिमी जाड, साधारण दीड फूट चौरस. पोळपाट २५० मिमी व्यासाचा. राउटर, म्हणजे फिरत्या पात्याने कड कोरणारं यंत्र, हाताने चालवायचा, दोन मुठींचा, खाली दाबता येणारा. त्याच्या बेसचा व्यास १५० मिमी. बिट (कापणारं पातं) ६ मिमी गोलाईचा, खाली कडेला टेकून फिरणारं बेअरिंग असलेला.

अडचण अशी की कडेने नेताना यंत्र बाहेरच्या बाजूला कलतं. कललं की गोलाई तिथे उथळ पडते आणि बेअरिंग टेकतं तिथे कडेवर दाब उमटतो. पुन्हा सरळ केलं की पुढे नीट. मग सगळी कड हाताला लाटेसारखी लागते. चौरंगाच्या कोपऱ्यांवर जास्त, आणि पोळपाटाला तर सगळीकडेच. पॉलिश पेपरने घासून काही भागत नाही. दोन्ही मुठी घट्ट धरून सारखा जोर देतो, तरी हे होतंच. राउटर टेबल नाही आणि सध्या घ्यायचंही नाही. हातानेच नीट कसं करायचं ते सांगा.

काटकोन

फळी कशी धरली आहे? आणि पोळपाट?

रानआंबा

चौरंगाची फळी दोन सी-क्लॅम्पने टेबलाला आवळली आहे. एक बाजू झाली की क्लॅम्प सरकवतो. पोळपाट रबरी जाळीच्या चटईवर ठेवलाय.

काटकोन

तुमच्या प्रश्नातच उत्तर दडलंय: "दोन्ही मुठींवर सारखा जोर". तो सारखा जोरच यंत्राला पाडतोय. जरा सविस्तर लिहितो, कारण हे एकदा डोक्यात बसलं की बाकीच्या युक्त्या आपोआप समजतात.

तुमच्या बिटाचं बेअरिंग बहुधा १२.७ मिमीचं असेल, या मापाच्या बिटांना बऱ्याचदा तेच असतं. बेअरिंग कडेला टेकलं म्हणजे बिटाचा मध्य कडेच्या बाहेर ६.३५ मिमीवर आला. बिटाचा मध्य तोच यंत्राचा मध्य. म्हणजे मोटरचं वजन, तुमच्या दोन हातांच्या सारख्या जोराची बेरीज, हे सगळं फळीच्या बाहेर, हवेत पडतंय. खाली टेकायला तिथे लाकूडच नाही. मग यंत्र कडेवर उलटायला बघणार नाही तर काय करेल? उजव्या-डाव्या हातात तुम्ही कितीही ताकद लावा, सारखी लावलीत तर ती बाहेरच पडते. जास्त ताकद, जास्त कल.

१५० मिमीच्या बेसचा हिशेब करून पाहिला. सरळ कडेवर जेमतेम ४५ टक्के बेस फळीवर असतो. कोपऱ्याभोवती बिट वळतं तेव्हा साधारण २० टक्के, म्हणजे पाचवा हिस्सा. २५० मिमीच्या पोळपाटावर ३८ टक्क्यांच्या आसपास, आणि तेही पूर्ण फेरीभर, कारण गोल कड दोन्ही बाजूंनी बेसखालून निसटत जाते. यातून मधलं भोक वजा करा, म्हणजे आणखी कमी. पोळपाटाला सगळीकडेच लाटा येतात असं तुम्ही म्हणता त्याचं कारण हेच.

म्हणून जोर नेहमी आतल्या हातावर, म्हणजे जी मूठ फळीच्या वर आहे तिच्यावर. तो हात खाली दाबतो. बाहेरचा हात फक्त पुढे नेतो, तो खाली दाबतच नाही. सरळ कडेला हे दोन दिवसांत अंगवळणी पडतं. गंमत कोपऱ्यावर आहे. तिथे आतली मूठ कोणती हे वळताना बदलतं, आणि नेमक्या त्याच क्षणी आधार सगळ्यात कमी असतो. म्हणून वळायच्या आधी थांबून यंत्र फिरवून घ्यायचं, एक मूठ फळीच्या मधोमध येईल असं, आणि मग कोपरा काढायचा. बिट फिरतंच राहू द्या, फक्त कडेपासून केसभर लांब घ्या, नाहीतर थांबल्या जागी लाकूड जळतं. सागवानावर तो काळा डाग घासूनही पटकन निघत नाही.

साइटवाला

काटकोन साहेबांनी बरोबर सांगितलं. आमच्याकडे साइटवर मोठा राउटर क्वचितच निघतो, सगळं काम ट्रिमरवर, म्हणजे एका हाताने धरायच्या छोट्या राउटरवर. प्लायवर सनमायका चिकटवली की जास्तीची कड ट्रिमरने काढायची, दिवसभर तेच. नवीन पोरगा कामाला आला की पहिल्यांदा त्याचा हात कुठे आहे ते बघतो. तो मोटरला वरून धरतो. वरून धरलं की हात जरा हलला तरी खाली टोकाला दुप्पट हलतं.

ट्रिमर खाली, बेसजवळ धरायचा. अंगठा आणि पहिलं बोट बेसच्या पत्र्यावर, बाकीची बोटं आणि तळहाताची कड फळीवर टेकलेली. हात फळीवरून घसरत जातो, हवेत नाही. माझ्याकडे माकिताचा ३७०९ आहे, वजन दीड किलो. एवढ्या हलक्या मशीनला एक हात पुरतो, पण टेकलेला पाहिजे. बोटं बिटाच्या बाजूला नकोत हे सांगायला नको.

दुसरं म्हणजे वायर. वायर मागे लोंबत असली की टेबलाच्या कोपऱ्याला अडकते आणि बरोबर मध्येच मशीनला झटका देते. वायर खांद्यावरून मागे घ्या. आम्ही सगळे तसंच करतो.

६ मिमीच्या गोलाईला मोठा राउटर लागत नाही. ट्रिमर असेल तर त्यानेच करा.

रानआंबा

ट्रिमर आहे, पण लाकूड जाड म्हणून मोठा घेतला होता. गोलाईला फळीच्या जाडीशी काही देणंघेणं नाही हे आता लक्षात येतंय. आतल्या हाताचं आज टाकाऊ फळीवर करून बघितलं. सरळ कडेला फरक लगेच दिसला. कोपरा आणि पोळपाट अजून तसेच.

हॅम्बुर्गहून

कोपऱ्यासाठी आणि पोळपाटासाठी हाताच्या सवयीवर विसंबू नका, बेसच बदला. एका बाजूला लांब निघालेला बेस बनवायचा. इकडे गॅरेजमध्ये मी तो वर्षानुवर्षं वापरतोय आणि मूळ गोल बेस परत बसवावासा वाटलेला नाही.

१० मिमी ॲक्रेलिक घ्या, नाही मिळालं तर १२ मिमीचा चांगला प्लाय. आकार थेंबासारखा: एक टोक राउटरच्या बेसएवढं गोल, दुसरं टोक निमुळतं होत लांब गेलेलं. बिटाच्या मध्यापासून लांब टोकापर्यंत २०० मिमी ठेवा. त्या टोकाला वरून एक गोल मूठ, ड्रॉवरला लावतात तशी लाकडी. ती मूठ कायम फळीच्या आत ठेवायची आणि एक हात फक्त तिच्यावर. बिट बाहेर ६ मिमी, मूठ आत जवळजवळ २०० मिमी. त्या मुठीवर नुसत्या तळहाताचं वजन टाकलं तरी यंत्र कलत नाही.

स्क्रूची भोकं कशी जुळवायची: राउटरचा मूळ बेस स्क्रू काढून सुटा करा, दुहेरी टेपने नव्या पट्टीवर चिकटवा आणि त्याच्याच भोकांतून ड्रिलने खुणा करा. मोजत बसू नका. स्क्रूची डोकी खाली बुडतील इतकं भोक तोंडाशी रुंद करा. एकही डोकं वर राहिलं तर फळीवर ओरखडा उमटतो. मधलं भोक बिटाच्या बाहेरच्या व्यासापेक्षा थोडंच मोठं, उगाच रुंद नको, कारण तिथे जेवढी पट्टी राहील तेवढा कडेला आधार. प्लाय वापरलात तर खालून मेणबत्ती घासा, सरकायला हलकं जातं.

ट्रिमरलाही अशीच पट्टी बनते, फक्त लहान.

श्रावणसर

हॅम्बुर्गकर, लांब टोकाची मूठ फळीच्या आत ठेवायची तर चौरंगाच्या फळीवर क्लॅम्प आडवे येतात ना?

हॅम्बुर्गहून

येतात, म्हणून क्लॅम्प वरून लावूच नका. चौरंगाच्या फळीला खालून पाय लागणारच आहेत. जिथे पाय येणार तिथे खालून टेबलातून स्क्रू मारा, भोकं नंतर पायांखाली झाकली जातात. फळी टेबलावर अशी ठेवा की चारही कडा मोकळ्या राहतील, म्हणजे खाली लहान फळकूट घालून उचलून धरा. मग क्लॅम्प न हलवता चारही बाजू एका दमात होतात. मधे थांबून पुन्हा सुरू केलं त्या जागी लाट येतेच, आणि रानआंबा यांच्या अर्ध्या लाटा त्या क्लॅम्प सरकवण्यातून आल्या असाव्यात असं मला वाटतं.

मेधा_लाकूडकाम

पोळपाटाबद्दल मी लिहिते, कारण मी पोळपाट आणि पाट बरेच करते.

रबरी चटई चालणार नाही. राउटर चालवताना गोल वस्तू चटईवर कणाकणाने फिरते, आपल्याला कळतही नाही. पोळपाटालाही पाय असतातच, तेव्हा वरची स्क्रूची युक्ती इथेही. १८ मिमी प्लायच्या मोठ्या तुकड्यावर पोळपाट उलट-सुलट न करता ठेवायचा आणि प्लायच्या खालून, पाय येणार त्याच जागी, छोटे स्क्रू. पोळपाटाची जाडी मोजून स्क्रूची लांबी ठरवा, टोक वर येता कामा नये. स्वयंपाकाच्या वस्तूवर मला तरी बुजवलेलं भोक नको असतं.

आता आधार. पोळपाट ज्या फळीतून गोल कापला ती उरलेली फळी टाकून देऊ नका. तिची जाडी पोळपाटाएवढीच असते, कारण ती एकाच वेळी रंधलेली असते. तिचं भोक पोळपाटापेक्षा सगळीकडून २५ मिमी मोठं करून घ्या आणि पोळपाटाभोवती त्याच प्लायवर चौकट म्हणून बसवा. ६ मिमी गोलाईचं बिट पोळपाटाच्या कडेपासून बाहेर १९ मिमीपर्यंत पोचतं, म्हणून २५ मिमी फट. आता राउटरचा आतला भाग पोळपाटावर, बाहेरचा भाग चौकटीवर. यंत्राला कलायला जागाच उरत नाही. ट्रिमरचा छोटा बेसही चौकटीवर बोटभर टेकतो.

एक काळजी घ्या. चौकट पोळपाटापेक्षा जराही वर नको. वर असेल तर बेस पोळपाटावरून उचलला जातो आणि गोलाई सगळीकडे कमी पडते. अगदी किंचित खाली असेल तर चालतं, कारण जोर आपण आतच देणार. तर्जनी आडवी फिरवून बघा, पोळपाटावरून चौकटीवर जाताना नखाला काही अडलं तर रंध्याचा एक हात मारा.

चौरंगाच्या कोपऱ्यांनाही हेच. त्याच जाडीचे दोन तुकडे फळीच्या दोन्ही टोकांना, फळीच्या कडेच्या रेषेत लावून ठेवले की बेसला कोपऱ्याच्या पुढेही जमीन मिळते. तुकडा चिकटून असेल तर आडव्या कडेची ढलपीही उडत नाही.

साइटवाला

मेधाताई, चौकटीचं एकदम बरोबर. आम्ही गोल डायनिंग टेबलला प्लायच्या पट्ट्या लावतो, पण उरलेली फळी वापरायचं सुचलं नव्हतं.

श्रावणसर

दिशेबद्दल कोणी बोललं नाही. कड आपल्या समोर असेल तर मशीन डावीकडून उजवीकडे, बरोबर? पण एका कारागिराने मला उलट्या बाजूने न्यायला सांगितलं होतं, ढलपी उडत नाही म्हणून.

काटकोन

बरोबर, डावीकडून उजवीकडे. वरून पाहिलं तर बिट घड्याळाच्या दिशेने फिरतं, म्हणून फळीच्या बाहेरच्या कडेने यंत्र घड्याळाच्या उलट न्यायचं. चौकटीच्या आतली कड असेल तर घड्याळाच्या दिशेने. असं नेलं की बिट यंत्राला कडेकडे ओढून घेतं आणि पुढे न्यायला हलका विरोध जाणवतो. तो विरोधच आपल्याला ताबा देतो.

उलट नेलं तर बिट लाकडावर चाकासारखं धावू लागतं आणि यंत्र हातातून पुढे पळतं. ढलपी उडत नाही हे खरं आहे, पण आपला धागा यंत्र स्थिर ठेवण्याचा आहे, आणि यंत्र अस्थिर करणारी याहून मोठी गोष्ट नाही. ज्याचा हात बसलेला आहे त्याने शेवटच्या अर्धा मिमीसाठी, फळी पक्की असताना, दोन्ही हात यंत्रावर ठेवून केलं तर ठीक. जाड काप उलट दिशेने कधीही नाही. कारागिराने सांगितलं ते त्याच्या हातासाठी खरं असेल, ते नवख्याला सांगू नये असं माझं ठाम मत आहे.

मेधा_लाकूडकाम

काटकोन, पोळपाटाला ढलपीची अडचण टाळता येत नाही, म्हणून थोडी भर. गोल कडेवर लाकडाच्या तंतूंच्या रेषांची दिशा सतत बदलते. समजा पोळपाटाच्या रेषा डाव्या-उजव्या जातात. लांब रेषेच्या बाजूकडून डोक्याच्या, म्हणजे आडव्या कापाच्या बाजूकडे जाताना बिट रेषांच्या उतारावर असतं, कड गुळगुळीत निघते. डोक्याकडून लांब बाजूकडे येताना रेषा उलट भिडतात आणि आंब्याची ढलपी उडते. चारपैकी समोरासमोरचे दोन भाग नेहमी त्रास देणार.

तिथे दिशा उलटण्यापेक्षा काप पातळ करा. बिट पूर्ण खाली न घेता आधी २ मिमी, मग २ मिमी, असं उतरत जा, आणि शेवटची फेरी अगदी जेमतेम. बिट कमी लाकूड खातं, म्हणजे ते यंत्राला कमी ओढतं, म्हणजे तुमच्या हाताला ते स्थिर धरायला सोपं जातं. पोळपाटावर पेन्सिलने ते दोन भाग आधीच खूण करून ठेवा. तिथे आलं की हात आपोआप सावध होतो.

चौरंगाला सोपं आहे. आधी दोन्ही आडव्या कडा, मग दोन्ही लांब, म्हणजे रेषांच्या दिशेने जाणाऱ्या, कडा. आडव्या कडेच्या शेवटी काही उडालं तर लांब कडेच्या फेरीत ते निघून जातं.

रानआंबा

सगळ्यांचे मनापासून आभार. प्लायची लांब पट्टी बनवली, मूठ जुन्या कपाटाची होती ती लावली. चौरंगाची फळी खालून स्क्रूने पक्की करून चारही कडा काढल्या. कोपरे स्वच्छ निघाले, अंगठा फिरवला तर लाट लागत नाही. पोळपाटाची चौकट तयार आहे.

एक नवी गोष्ट दिसली. ट्रिमरवर केलेल्या तुकड्यावर बारीक बारीक रेघा येतात, अगदी जवळजवळ, कडेच्या लांबीभर. हे कलणं वाटत नाही. बिट नवीन आहे. आणि कधीकधी बिट थोडं खाली उतरल्यासारखं वाटतं.

साइटवाला

बिटाचा दांडा किती मिमी आहे आणि कोलेट, म्हणजे दांडा पकडणारी खोबण, किती? बाजारात ६ मिमीची बिटं मिळतात आणि ६.३५ ची म्हणजे पाव इंचीही मिळतात. ६ मिमीचं बिट पाव इंचाच्या कोलेटमध्ये घट्ट बसल्यासारखं वाटतं, पण बसत नाही. ते थरथरतं आणि चालता चालता खाली सरकतं. खाली सरकलं की गोलाईच्या वर एक पायरी पडते. आताच मशीन बंद करा, प्लग काढा आणि मोजा.

हॅम्बुर्गहून

साइटवाल्यांना दुजोरा. इकडे ८ मिमीचे दांडे सर्रास चालतात, पण कोलेट आणि दांडा एकाच मापाचा हवा हा नियम सगळीकडे सारखाच. दांडा पूर्ण तळाला टेकवून आवळू नका, आत घालून २-३ मिमी परत वर घ्या आणि मग आवळा. टेकवून आवळलं की कोलेटची पकड नीट बसत नाही.

बेअरिंगही बघा. सनमायकाच्या कामानंतर फेविकॉल बेअरिंगला चिकटतो आणि ते फिरायचं थांबतं. मग ते कडेवर घासत जातं, लाकूड चकाकतं किंवा जळतं आणि यंत्र झटके देत चालतं. बोटाने फिरवून बघा, मोकळं फिरलं पाहिजे.

रानआंबा

कोलेट पाव इंच, बिट ६ मिमी. साइटवालेदादा, अचूक. बरोबर मापाचं कोलेट मागवलंय, तोपर्यंत ट्रिमर बंद.

शेवटचा प्रश्न. आईला घरातला जुना फणसाचा पाट आहे तसा नवा करून हवाय. तो १८ मिमी जाड आणि वरून-खालून दोन्ही बाजूंनी पूर्ण गोल कड. ९ मिमी गोलाईचं बिट वापरलं की काम होईल ना?

काटकोन

वरची बाजू होईल. खालची करायला पाट उलटा केलात की बेअरिंगला टेकायला सपाट कड उरलेलीच नसेल. ९ आणि ९ मिळून १८, सगळी जाडी गोलाईत गेली. बेअरिंग गोल भागावर घसरून आत जाईल आणि बिट लाकूड खणेल. मार्ग असा आहे. ८ मिमी गोलाई घ्या, मध्ये २ मिमी सपाट पट्टी राहील तिच्यावर बेअरिंग कसंबसं चालेल, मग ती पट्टी हाताने घासून काढा.   

मेधा_लाकूडकाम

फणसासाठी आणखी एक. जुनं, नीट वाळलेलं लाकूड असेल तर ठीक. ओलसर असेल तर बेस त्यावर सरकत नाही, चिकटून चिकटून जातो, आणि मग आपण नकळत ढकलायला लागतो. वाळू द्या. आणि जुना पाट फेकू नका, त्याची कड कागदावर उतरवून घ्या. हाताने रंधलेल्या जुन्या पाटाची कड बऱ्याचदा पूर्ण गोल नसते, खालून चपटी असते. तशी असेल तर ९ मिमीचा प्रश्नच मिटला, खालच्या बाजूला ३ मिमीची गोलाई पुरेल.

रानआंबा

आत्ताच जाऊन बघितलं. खालून चपटीच आहे.